टाकीचं झाकण

मिस्त्रींना गल्लीत सगळे ‘थांबा’ म्हणत. कुणी गाडी घेऊन गॅरेजात शिरलं आणि काय बिघडलं ते सांगायला लागलं, की ते हात वर करून “थांबा” म्हणत आणि आधी टाकीचं झाकण उघडून आत बघत. शिकाऊ असताना त्यांनी एका गाडीचं इंजिन दिवसभर खपून उघडलं होतं, आणि संध्याकाळी मालकानं येऊन विचारलं होतं, “पेट्रोल आहे ना त्यात?” पेट्रोल नव्हतं. उस्तादांनी चारचौघांत जे सुनावलं ते त्यांच्या कायमचं लक्षात राहिलं. तेव्हापासून आधी झाकण, मग बाकीचं. या नियमाचा त्यांना फार अभिमान होता. येईल त्याला ते तो ऐकवत, आणि ऐकणाऱ्याला पाठ झाला तरी ऐकवत.

बाकी माणूस साधा. गॅरेज म्हणजे घराचीच पुढची खोली. पत्र्याचं शटर, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, आणि नेमका हवा तो पाना बायकोनं खिडकी अडकवायला नेलेला. नव्या गाड्यांना त्यांनी कधीच हात जोडले होते. जुन्या, जड, एका सिलिंडरच्या मोटारसायकली तेवढ्या त्यांच्याकडे येत, आणि आता त्याही मोजक्याच उरल्या होत्या. त्यांतली एक त्यांच्या थोरल्या बहिणीची होती.

ताई निवृत्त नर्स. नवरा गेल्यावर त्याची मोटारसायकल विकायची सोडून ती चालवायला शिकली. पुलापलीकडे, वस्तीपासून लांब, ती एकटी राहायची. तिकडे बस जात नसे. औषधं, बाजार, बँक, सगळं त्या गाडीवर. साठी उलटलेली बाई किक मारते म्हणून सुरुवातीला लोक थांबून बघत, मग त्यांनाही कंटाळा आला.

गेले काही महिने ही गाडी वाटेत बंद पडू लागली होती. घरून ठणठणीत निघायची, आणि पुलाच्या चढावर आचके देऊन गप्प व्हायची. एकदा ताई भर उन्हात पुलाच्या कठड्याला टेकून बसलेली कुणी ओळखीच्यानं पाहिली आणि तिच्या मुलाला कळवलं. मुलानं दुसऱ्या शहरातून फोनवरच निकाल देऊन टाकला, की एकटं राहणं आता पुरे. रविवारी तो टेम्पो घेऊन तिला न्यायला येणार होता. गाडी नीट झाली तर बघू, एवढंच ताई म्हणाली होती. म्हणजे सगळं मिस्त्रींवर येऊन ठेपलं. ताई गेली असती तर त्यांना ‘बाळ्या’ म्हणणारं कुणी उरलं नसतं. याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, पण बोलायचे ते प्लगबद्दल.

प्लग बदलून झाला. पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला, कॉइल दुसरी लावून पाहिली, कार्बोरेटर दोनदा सोडवून साफ केला. टाकी उतरवायची, वर एक बाटली टांगायची आणि तिच्यातल्या पेट्रोलवर इंजिन चालवून बघायचं, ही त्यांची पद्धत. तशी ती गॅरेजात तासन् तास चालली. वाटेत बंद पडल्याचा फोन आला की ते मोपेडवरून जायचे, झाकण उघडून पेट्रोल बघायचे, झाकण लावायचे, आणि गाडी दुसऱ्या किकला सुरू.

“तुला बघितलं की लाडात येते,” ताई म्हणायची. “मी मेली एवढा वेळ पाय झिजवतेय, त्याचं काही नाही.”

मिस्त्रींनी हात टेकले होते. गाडीला उन्हाचा त्रास होत असेल, असंसुद्धा ते एकदा म्हणाले, तेव्हा बायकोनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

शनिवारी ते स्वतःच ताईच्या मागे बसून तिच्या घराकडे निघाले. मांडीवर हत्यारांची पिशवी. तिच्या मागे बसायची त्यांना धास्ती वाटायची, कारण वळताना ती आरशात कधीच बघत नसे. पुलाच्या चढावर गाडी आचके देऊन थांबली. मिस्त्री उतरले आणि त्यांचा हात झाकणाकडे गेला.

ताईनं झाकणावर पंजा ठेवला. “पेट्रोल सकाळीच काठोकाठ भरलंय. वाटेत संपायला नको म्हणून हल्ली रोजच भरते. तू दर वेळी तेच बघतोस आणि ते दर वेळी असतंच. आज दुसरं काहीतरी बघ.”

“अगं, पण आधी झाकण, मग...”

“बाळ्या, मी जन्मभर लोकांना थर्मामीटर लावलाय. नुसता ताप बघून आजवर एकही पेशंट बरा झाला नाही.”

ती हात काढेना. नाइलाजानं मिस्त्रींनी प्लग काढला. ठिणगी चांगली निळी होती, पण प्लग कोरडा. मग कार्बोरेटरची नळी उपसली. दोन थेंब आले आणि थांबले. तोटी उघडी, टाकी भरलेली आणि नळी कोरडी. त्यांनी नळीवरून वर झाकणाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, “ताई, आता झाकण जरा सैल कर.”

तिनं पिळलं. फुस्स करून हवा आत शिरली आणि पेट्रोलची धार मिस्त्रींच्या चपलेवर पडली.

झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली गेलं की तितकी हवा वरून आत यावी लागते, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. मिस्त्रींनी झाकण उलटं केलं. आत काळ्या रबराची चकती होती, छान गोल कापलेली. कपड्यांवर पेट्रोल उडतं म्हणून ताईनं तक्रार केली, तेव्हा त्यांनीच ती जुन्या ट्यूबमधून कापून बसवली होती. भोक तिच्याखाली गेलं होतं.

गुपचूप भोक पाडून मोकळं होता आलं असतं. ते त्यांच्या मनातही आलं. पण त्यांनी चकती ताईच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे दर वेळी झाकण उघडून तू तिला बरी करायचास, आणि लावून पुन्हा आजारी पाडायचास.”

“हो.”

ताईनं चकती बोटांनी चाचपली. “आणि मला वाटायचं, माझ्याच पायात किक मारायचा जोर राहिला नाही.”

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतून टोच्या काढला, चकतीला भोक पाडलं आणि झाकण लावलं. गाडी सुरू झाली. पूल गेला, पलीकडचा लांब चढ गेला, ताईचं फाटक आलं, तरी ती तशीच एका लयीत चालत होती. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

ताईनं दार उघडलं. आत भिंती रिकाम्या होत्या. भांडी खोक्यांत, खोकी दोरीनं घट्ट बांधलेली. भावोजींचा फोटो चादरीत गुंडाळून वर ठेवलेला.

“तू तर बघू म्हणाली होतीस,” मिस्त्री म्हणाले.

“म्हणाले होते. पण तुझ्या हातून होत नाही म्हणजे कुणाच्याच हातून होणार नाही, असं वाटलं.”

पिशवीतली पक्कड घेऊन मिस्त्री पहिल्या खोक्यापाशी बसले आणि दोरीला लावली. टेम्पो आणू नको म्हणून सांगायला ताई मुलाला फोन लावत होती. पलीकडे घंटी वाजत असताना ती म्हणाली, “कापू नको. गाठ सोड. दोरी कामाची आहे.”