न विणलेली जागा

जरीपटका भागातल्या बाजारात सुपं-टोपल्या विकणाऱ्या एका मावशींकडून मी बांबूच्या कामट्या घ्यायचे. माती, गवत, बांबू वापरून निसर्गदृश्यं घडवणं हे माझं काम. एकदा त्यांनी विचारलं, "काय करतं वं तू एवढ्या कामट्यायचं?"

"डोंगर, नाले, शेतं."

"मंग माहं गाव कर."

त्यांचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं होतं. पावसाळाभर दर दुपारी त्या माझ्या घरी येऊन जमिनीवर बसून विणायच्या. कुठे काय होतं ते हात चालू ठेवूनच सांगायच्या. टेकडी होती तिथे आता खड्डा होता. धानाचं शेत होतं तिथे खाणीतली माती टाकून टाकून नवीच टेकडी उभी राहिली होती. "सारं उलटं झालं," त्या म्हणायच्या. जुनी टेकडी त्यांनी घट्ट विणली, बांध सैल, आणि नाल्यासाठी बांबूची हिरवी साल वापरली. मी फक्त चौकट केली आणि माती लिंपली.

नाल्याकाठी वीतभर जागा त्यांनी तशीच सोडली.

"हे काहून उघडं ठेवलं?" मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला.

"माही लहानी पोरगी तिथं गाडली हाये. तिच्यावर मी कामटी नाही टाकत." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुले सांगतलं. कोणाले बोलू नको."

त्या कामाच्या प्रदर्शनाला मी त्यांना नवं लुगडं नेसवून नेलं. संध्याकाळी एका बाईंनी मला विचारलं, काम अपुरं राहिलं आहे का? त्या बाई मन लावून पाहत होत्या, बाकीचे नुसते फोटो काढून पुढे जात होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरले तेव्हा मला बरं वाटलं, हे आज लिहायची लाज वाटते. मग आणखी दोघं थांबली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी जास्त चांगलं. वळून पाहिलं तर मावशी मागे उभ्या होत्या. त्या पायऱ्या उतरून गेल्या.

आठवडाभर बाजारात त्यांची जागा रिकामी दिसली, म्हणून मी त्यांच्या वस्तीत गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत.

"मी ते काम तिथून काढून आणते, मावशी."

"आन. पन लोकायनं आयकलं ते कसं काढशीन?"



पुढे त्या पुन्हा बाजारात बसू लागल्या. मला कामट्याही द्यायच्या, कोणत्याही गिऱ्हाइकाला देतात तशा, मोजून, बांधून. मला मायेनं 'वं' म्हणणं मात्र बंद झालं. उन्हाळ्यात त्या गेल्या. शेजारी भाजी विकणाऱ्या बाईकडून मला ते कळलं, तेव्हा त्यांची तेरवीसुद्धा होऊन गेली होती.