गोधडीचा घास

माझे यजमान गेले त्या दिवशी टेबलावर एक गोधडी उलगडलेली होती. हॉस्पिटलमधून फोन आला. मी गोधडी पॉलिथिनमध्ये सील केली, खोलीचं दार लावलं आणि निघाले.

कापड टिकवणं हे माझं काम. नोकरीत संग्रहालयातल्या रजया आणि गोधड्या सांभाळल्या. रिटायर झाल्यापासून दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये लोकांच्या घरातल्या सांभाळते. ही गोधडी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलाकडे राहणाऱ्या नलिनीकाकूंची. काकू जन्मायच्या आधी त्यांच्या आईने ती जुन्या, मऊ लुगड्यांची शिवली होती. एका कोपऱ्यात बारीक भोकं पडली होती आणि त्यातून पीठ गळत होतं. पीठ गळतंय म्हणजे आत किडा जिवंत आहे.

महिन्याभराने काकूंच्या सुनेचा, माधवीचा, फोन आला.

"ताई, आमच्या इराला मुलगी झाली. पुढच्या महिन्यात बारसं आहे. तुम्हाला आत्ता जमणार नाही, कळतं मला. गोधडी तशीच परत द्या. आई काही म्हणणार नाहीत."

मागून काकूंचा आवाज आला, "आई म्हणणार आहे! या घरातलं प्रत्येक बाळ बारशाला त्याच गोधडीवर निजलंय."

किडा असलेली गोधडी बाळाखाली घालता येत नाही. तशी परतही देता येत नाही, कारण असे भोकं पाडणारे पोरकिडे घरभर होतात. मी कामाला बसले.

अशा कापडावर औषध फवारत नाहीत. हवाबंद पिशवीत घालून ते आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवतात. किडा, अळी, अंडी, सगळं मरतं. घरच्या फ्रीजमध्ये तेवढी जागा नसते आणि तेवढी थंडीही. मी खालच्या मार्केटमधल्या आइस्क्रीमवाल्या गुप्ताजींकडे गेले. थंडीचे दिवस होते, त्यांचा मागचा फ्रीजर रिकामाच होता.

"मैडम, इसमें है क्या?"

"रजाई."

"रजाई को गर्मी लग रही है?"

मी किड्यांचं खरं ते सांगितलं. त्यांनी आणखी दोन पिशव्या चढवायला लावल्या आणि हो म्हणाले. सगळी दिल्ली रजईत शिरून बसली होती आणि आमची गोधडी फ्रीजरमध्ये. गुप्ताजी रोज सकाळी फोन करून तिची तब्येत कळवत. "बिल्कुल ठीक है जी, सो रही है."

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नसते, कापडावर दव धरतं. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्याची शिवण उसवली. आत ज्वारीचे दाणे आणि भाकरीचा तुकडा होता. म्हणजे कधीकाळी होता. आता बहुतेक भुगाच. मी काकूंना फोन लावला.

"अगं, तो घास! शेवटची शिवण घालायच्या आधी आमच्याकडे गोधडीच्या पोटात घास ठेवतात. गोधडी उपाशी, तर तिच्यावर निजणारंही उपाशी."

"काकू, त्या घासावरच किडा आला."

"मग त्यालाही भूक असेलच ना!"

"मला तो काढावा लागेल. आणि आत परत धान्य ठेवता येणार नाही."

"मग गोधडी राहू दे तुझ्याकडेच. उपाशी गोधडीवर माझी पणती निजायची नाही." फोन बंद.

आमच्या कामात पहिला नियम असा, की कापडात अन्न ठेवायचं नाही. दुसरा असा, की आज जे करू ते उद्या कापडाला धक्का न लावता उसवता आलं पाहिजे. पहिल्या नियमाशी मी पुष्कळ भांडले. वाट दुसऱ्या नियमाने दाखवली.

भुगा काढून कोपरा आधी धड केला. आम्ही भोक बुजवत नाही. त्याच रंगाची मलमल खालून सरकवतो आणि केसासारख्या रेशमाच्या धाग्याने जुनं कापड तिच्यावर धरून ठेवतो. मग त्याच मलमलीचा छोटा खिसा शिवला आणि गोधडीच्या मागच्या बाजूला, बाहेरून, कधीही उसवता येतील अशा सैल टाक्यांनी लावला. सकाळी घास ठेवायचा, संध्याकाळी काढायचा.

बारसं गुडगावला इराच्या घरी होतं. गोधडी घेऊन मी थेट तिथेच गेले आणि काकूंना खिसा समजावून सांगितला. काकूंनी खिशात बोट घालून बघितलं.

"संध्याकाळी काढायचा म्हणतेस?"

"हो."

"आणि पुढच्या सणाला?"

"ताजा ठेवायचा."

काकूंनी गोधडी उलटीपालटी करून खिशाचे टाके बघितले. मला वाटलं, गोधडी परत घेऊन जावी लागणार. मग त्या हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आईने हिला जन्मात एकदाच जेवू घातलं. आता दर सणाला पंगत!"

त्यांनी ज्वारीचे दाणे आणि भाकरीचा तुकडा ठेवला. बाळ निजलं. मग सगळ्याच बायकांना गोधडीला भरवायचं होतं. इराची आत्या पेढा घेऊन वाकली.

"पेढा नाही!" मी ओरडले. "तूप सुटतं!"

पाळणा म्हणणाऱ्या थांबल्या. बाळ दचकून रडायला लागलं, आणि सगळ्यांच्या हसण्यात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. माधवी म्हणाली, "ताई, एवढा मोठा आवाज आहे तुमचा?"

नव्हता. त्या दिवशी निघाला.

अनुभवातून शिकले ते इतकंच, की गोधडीला ज्वारी चालते, पेढा चालत नाही. काकूंनी ओळखीत सगळीकडे माझं नाव सांगितलं आहे.

आता घरात मी एकटी असते. हातात दिवाळीपर्यंतचं काम आहे.