भिंतीतल्या कुंडात ओतलेलं पाणी

आधीच सांगते, अशा गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला, औषधांच्या प्लांटमध्ये माझं कामच मुळी टाक्या धुतलेलं पाणी कुठून कुठे जातं ते तपासायचं. पाणी उगाच कुठे गायब होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला पटलेलं नसेल...

बाबा गेले तेव्हा वादळामुळे माझं विमान सुटलंच नाही. आईने शेवटी गंगेच्या पाण्याचा चमचा ओठांशी नेला, तर त्यांनी तोंड घट्ट मिटलेलं. "तुझ्या हातचं हवं होतं त्यांना. तहानलेले गेले गं..." नंतर इथे माझ्याकडे आल्यापासून आईचं हेच चालू. उरलेल्या गंगेच्या पाण्याची बाटली ती पर्समध्ये घेऊन हिंडायची. सिंकमध्ये ओतायचं तर तिच्या जिवावर येई.

मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, आम्ही जवळच्या पडक्या चर्चमध्ये गेलो. छप्पर नाही, आत गवत. वेदीशेजारच्या भिंतीत कोनाडा, त्यात दगडात कोरलेलं ओंजळीएवढं कुंड, तळाला भोक. कुत्रा फिरवायला आलेले एक आयरिश आजोबा म्हणाले, पूजेची भांडी धुतलेलं पाणी पाद्री इथे ओतायचे, म्हणजे ते गटारात न जाता थेट जमिनीत जायचं. मी आईला मराठीत सांगितलं.

"मग आपण देवांच्या आंघोळीचं पाणी तुळशीला घालतो, तसंच की," आई म्हणाली आणि बाटली माझ्या हातात दिली. "घाल तुझ्या बाबांना."

आजोबांसमोर मला कसंतरीच झालं. तरी ओतलं. पाणी तसंच साचून राहिलं.

"जाणार नाही ते. भोकात कधीचं सिमेंट भरलंय," आजोबा म्हणाले.

मला रडूच आलं. "बाबा, प्या ना," एवढंच म्हणाले मी.

आणि घोट ऐकू आले. बाबा तांब्या उंच धरून वरून प्यायचे, गटागटा, आणि मग समाधानाने "हां..." करायचे — आम्ही चिडवायचो त्यांना. अगदी तसंच. कुंड रिकामं झालं. मी भोकात बोट घातलं, तर टणक सिमेंट, तेही कोरडं ठणठणीत. आजोबांनी टोपी काढली.

आईने कोटाखालून पदर ओढला आणि कुंडाचा काठ टिपला. बाबांच्या हनुवटीवरून ओघळलेलं पाणी ती असंच टिपायची.

नंतर मी एकटी जाऊन नळाचं पाणी ओतून पाहिलं. ते साचून राहिलं, चिमण्या येऊन प्यायल्या. कारण मला आजही सांगता येत नाही. पण बाबा तहानलेले गेले, असं आई त्यानंतर कधीच म्हणाली नाही.