मंजूची हवामानाची वही

ताडपत्री घेऊन मी बांधावर पोचले तेव्हा मंजू कापलेल्या भातात पालथी पडली होती. वीज कडाडली ती मला घरातच ऐकू आली होती, पण ती आपल्या शेतात पडली असेल असं मनातही आलं नाही. सव्वा महिना झाला. बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते...

मंजू माझी नणंद. लग्न होऊन मी डोळखांबकडच्या या पाड्यावर आले तेव्हा ती चौथीत होती. माझी शाळाही चौथीतच सुटलेली. ती रोज पुस्तक माझ्यापुढे ठेवायची आणि वाचायला लावायची. अडलं की हसायची, पण कुणासमोर नाही. आज हे लिहिता येतंय ते तिच्यामुळे. पुढे ती शहापूरला कॉलेजात गेली आणि मोबाईलवर बघून कोरियन भाषा शिकायला लागली. ती भाषा येणाऱ्याला चांगली नोकरी मिळते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हिवाळ्यात परीक्षा द्यायची होती.

पुढे हवा कशी बदलेल ते सांगायचा धडा तिला काही केल्या जमेना. मग तिने युक्ती काढली. सकाळी भाकऱ्या थापताना मी दारातून आभाळ बघून सांगायचं, आज काय होणार. ते तिने कोरियनमध्ये वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी खरं ठरलं तर बरोबरची खूण, चुकलं तर फुली. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण ‘हिला आभाळ कळतं’ एवढं माझ्याबद्दल घरात सगळे मानायचे. वहीत फुल्या थोड्याच होत्या. त्या भाषेत ‘पिगा ओल कॉयेयो’ म्हणजे पाऊस येईल, आणि ‘पिगा ओल कॉ कात्तायो’ म्हणजे येईल असं वाटतंय.

“वयनी, तुझ्यापायी माझा ‘वाटतंय’चा धडा कच्चा राहणार,” ती म्हणायची. “तुला कधी वाटतच नाय. तू डायरेक सांगतेस.”

त्या दिवशी भात कापून दोन दिवस झाले होते. सासूबाई म्हणाल्या, आत्ताच भारे बांधून आणा. मी माहुलीच्या डोंगराकडे पाहिलं. ढग होते, पण विरळ. म्हटलं, निवळेल, दुपारपर्यंत वाळू दे. त्यांनी ऐकलं. मंजूची पेन्सिल थांबली. “वाटतंय, असं लिवू का गो?”

“निवळेल लिव,” मी म्हणाले.

तिने लिहिलं, ‘माल्गाजिल कॉयेयो’.

दुपारी अंधारून आलं. आम्ही दोघी धावत शेतात गेलो. मी ताडपत्री आणायला मागे फिरले, ती भात गोळा करत राहिली.

दिवसकार्याला बायका म्हणाल्या, वीज काय सांगून येते? भात शेतात कुणी ठेवायला लावलं ते सासूबाईंनी अजून एका शब्दाने काढलेलं नाही. मीही नाही. सकाळी त्या अंगणात उभ्या राहून विचारतात, आज कसं गो? मी म्हणते, मला नाय कळत.

वही चुलीजवळच्या फळीवर आहे, पेन्सिल अजून तिच्यातच. शेवटच्या ओळीपुढची जागा इतके दिवस कोरी होती... आज तिथे मी फुली मारली. सासूबाईंना वाचता येत नाही, पण फुली कळते. उद्या त्यांनी विचारलं की वही त्यांच्यापुढे ठेवीन.