दहाचं बटण

जर्मनीत लेकीकडे आल्यापासून माझा सोमवार समोरच्या खिडकीत सुरू होतो. तिथे एकट्या राहणाऱ्या हेल्गाआजी दर सोमवारी बरोबर दहाला गळ्यातलं बटण दाबून बघतात. घरात पडल्या तर मदत मागायचं ते बटण. पलीकडून कुणीतरी बोलतं, आजी दोन शब्द बोलतात आणि मला हात हलवून दाखवतात.

ते चालतं मोबाइलच्या जुन्या जाळ्यावर, आणि आजपासून ते जाळं बंद. लेक रेडिओलहरींचं वाटप करणाऱ्या कचेरीत आहे. "आई, जुनी यंत्रं नुसती वीज खातात गं. त्याच लहरींवर नवं जाळं थोड्या विजेत कितीतरी जास्त काम करतं." मला पटलं. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की मीही ओरडतेच.

पण वीज वाचवणारा हात वस्तूही जपून ठेवतो. आजींना नवं बटण कधीच घरपोच आलंय. परवा लेकीनं विचारलं तर म्हणाल्या, "जुनं चालतंय तोवर नवं कशाला फोडायचं?" मी हसले होते. माझ्याही कपाटात कोऱ्या चादरी आहेत.

जुनं जाळं गेलं तरी खिडकीत काहीच बदलत नाही. तेच ऊन, तीच कुंडी. दहा वाजले. आजींनी बटण दाबलं. ओठ हलले नाहीत. पुन्हा दाबलं. मागच्या फळीवर नवा खोका, प्लॅस्टिकसकट. मग माझ्याकडे लक्ष गेलं तशा त्या हसल्या आणि नेहमीसारखा हात हलवला.

मी हात हलवला नाही. मी चपला शोधत होते.