बारशाच्या दिवशी अडकलेला लॅपटॉप

मुलांनो, हे मी नेहमीप्रमाणे तुम्हाला इंग्रजीत लिहायला बसले होते. थोडं लिहून झाल्यावर वाचून पाहिलं, तर माझी चूक फार सभ्य दिसत होती. जणू दुसऱ्याच कुणाची तरी चूक आहे आणि मी फक्त तिची नोंद घेते आहे. म्हणून ते पुसलं आणि मराठीत लिहायला घेतलं. जिथे अडेल तिथे बाबांना विचारा.

माझा लॅपटॉप जुना आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बाबांनी तो वापरून झाल्यावर इथे नांदेडला ठेवला, तेव्हापासून मी सांभाळते. सुरू व्हायला वेळ घेतो, पण एकदा सुरू झाला की चालतो. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला आवडत नाही.

तुमच्या धाकट्या भावाचं बारसं तिकडे परदेशात तुमच्या घरी होतं, पण नाव इथून ठेवायचं होतं. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. ती पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. तुमच्या दोघांच्या वेळी हे जमलं नव्हतं. या वेळी तुमच्या आईने माझ्या लेकीला, तुमच्या आत्याला, आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, नाव तुम्हीच निवडा आणि त्या दिवसापर्यंत आम्हालाही सांगू नका."

आत्या आदल्या संध्याकाळी लातूरहून आली. तिथल्या शाळेत ती शिकवते आणि एकटी राहते. हरभऱ्याच्या घुगऱ्यांची तयारी करता करता मी तिला विचारलं, "मला तरी सांग, काय नाव काढलंयस?"

"तुला सांगितलं तर सकाळपर्यंत लोह्याला कळेल," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

लोह्याला माझी धाकटी जाऊ असते. तीही दुसऱ्या दिवशी चार बायकांना घेऊन आली. तुमच्याकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवला होता, समोर सतरंजी अंथरली होती, आत्यासाठी मधोमध पाट मांडला होता.

"अक्का, फोनवरच लावा की," जाऊ म्हणाली. "फोनवर कसं चटकन दिसतंय."

"फोन हातात हलतो. सगळ्यांना नीट दिसलं पाहिजे."

पहिली काही मिनिटं सगळं छान होतं. तुम्ही दोघं नवे कपडे घालून हात हलवत होता. मग आवाज तुटायला लागला. मग चित्र थांबलं. तुमच्या आईचा हात पाळण्याच्या दोरीवर होता तो तसाच राहिला. मी माउस हलवला की बाण बऱ्याच वेळाने हलायचा. लॅपटॉपचा पंखा घरघर करत होता आणि खालून तो तव्यासारखा तापला होता. मी बंद करून पुन्हा सुरू केला, तर सुरू व्हायलाच नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"अक्का, हे चालू होस्तोर पोराला मिशा येतील बघा," जाऊ म्हणाली. सगळ्या हसल्या. आत्याही हसली. मला ते हसणं लागलं. मांडामांड माझी होती, फोन नको म्हणणारी मी होते.

मी आत्याकडे वळले. "काल तू शाळेचा पेनड्राइव्ह लावला होतास ना याला?"

"प्रश्नपत्रिका उघडून पाहिली फक्त. का गं?"

"का काय? कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरला लावलेला असतो तो. व्हायरस घेऊन आलीस."

"आई, ते नंतर बघू. ते लोक खोळंबलेत. माझ्या फोनवरून लावते."

"फोन ठेव खाली. पन्नाशीला आलीस. शाळेत पोरांना शिस्त लावतेस आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना विचारावं, एवढं कळत नाही? आज तुझ्यामुळे बाळाचं नाव अडलंय."

असं मी म्हणाले. शब्द बदलून लिहिण्याचा मोह झाला होता, पण हेच शब्द होते.

मग जाऊच म्हणाली, "जाऊ द्या ना अक्का. लेकीला चारचौघींत काय बोलून राहिल्या." मी ऐकलं नाही. माझंच खरं आहे हे दाखवायला मी तिथेच व्हायरस तपासणी सुरू केली. त्यामुळे लॅपटॉप होता त्याहून मंद झाला.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. तुमचे बाबा होते. त्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "ताई, काय झालं गं? बाळ रडतंय. तू नाव सांग, मी फोन त्याच्या कानाशी धरतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत होते.

"मी काही ठरवलं नव्हतं रे," ती म्हणाली. "तुमच्या मनात असेल ते ठेवा."

ती पाटावरून उठली आणि आत जाऊन घुगऱ्या वाट्यांत भरायला लागली. तिच्या पाठीत धपाटा घालायला कुणाचाच हात उठला नाही. तिने नाव ठरवलं होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती, तरी सकाळच्या बसने ती लातूरला गेली.

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. तपासणी पूर्ण झाली होती. धोकादायक काही सापडलं नाही, असं लिहून आलं होतं. माझा विश्वास बसेना. मग मी टास्क मॅनेजर उघडला. लॅपटॉपमध्ये त्या क्षणी कोणकोणती कामं चालू आहेत आणि कोणतं काम किती ताण देतं, ते त्यात दिसतं. डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर होता. मी एकही खिडकी उघडलेली नव्हती, तरी डिस्क पूर्ण गुंतलेली. रकान्यावर क्लिक करून सगळ्यात जास्त ताण देणारी कामं वर आणली आणि ती काय करतात ते एकेक करून वाचलं. एक काम फोटो इंटरनेटवर चढवत होतं. दुसरं, पुढे शोधायला सोपं जावं म्हणून त्याच फोटोंची यादी बनवत होतं. तिसरं, व्हायरस रोखणारं, त्यातला प्रत्येक फोटो उघडून तपासत होतं.

ते फोटो माझे होते. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी, आत्या यायच्या आधी, मी जुन्या डिस्कवरचे आपल्या घरातले सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले होते आणि वर्षावार लावले होते. तेव्हा पडद्यावर विचारणा आली होती की यांची प्रत इंटरनेटवर ठेवायची का. काम पाठीमागे चालू राहील, तुम्ही तुमचं काम करत राहा, असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. मी ते इंग्रजी पूर्ण वाचलं. मला ते आवडलंही. मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

पेनड्राइव्हचा यात काहीही संबंध नव्हता.

दुरुस्ती अगदी साधी होती. फोटो चढवणं थांबवलं. लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारी नको ती कामं बंद केली. चार्जर लावून तो तसाच सुरू ठेवला, म्हणजे यादीचं काम एकदाचं संपेल. दुसऱ्या दिवशी तो पहिल्यासारखा चालायला लागला. बारशाच्या वेळी शांतपणे पाहिलं असतं, तर तेव्हाही तो एका क्लिकमध्ये मोकळा झाला असता.

मी जावेला फोन करून हे सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अक्का, मला फोनवर सांगून काय व्हतंय? बोलल्या समद्यांपुढं. सांगायचं बी तसंच सांगा."

मला राग आला, आणि ती बरोबर आहे हेही कळलं. त्याच बायकांना मी चहाला बोलावलं. फोटो माझेच होते, पेनड्राइव्हचा दोष नव्हता, हे सगळं त्यांना सांगितलं. एकीने लगेच पोह्यांचा विषय काढला. एक म्हणाली, "हाव, मशीनचं असंच असतंय." मशीनचं नव्हे, माझं, असं मला तिला सांगावं लागलं. जाऊने माझ्याबरोबर कप विसळले.

त्यानंतर मी लातूरला फोन लावला.

"काकूचा आला होता फोन," आत्या म्हणाली. "कळलं मला."

"माझं चुकलं गं."

"हं."

"काय नाव काढलं होतंस?"

"आता त्याला नाव आहे, आई. मी त्याला त्याच नावाने हाक मारते. ते राहू दे." मग तिने विचारलं, "पोरांना काय सांगितलंस तू?"

बारशाच्या दिवशीच तुमचा मेसेज आला होता, आत्या रुसली का म्हणून. मी उत्तर दिलं होतं की इथलं नेट गेलं होतं. तेच मी तिला सांगितलं.

"आणि त्यांच्या बाबाला?"

"तेच."

"म्हणजे त्याला अजून वाटतंय की मी नाव ठरवलंच नव्हतं. पहिल्यांदा मला विचारलं आणि मी रिकाम्या हाताने आले." तिचा आवाज चढला नव्हता. "मी तसं म्हणाले, ते माझं मी बघेन. पण तुला तर माहीत होतं ना, आई?"

"हो."

"मग?"

तिची तासाची वेळ झाली होती. तिने फोन ठेवला.

तर मुलांनो, त्या दिवशी इथलं नेट अगदी व्यवस्थित होतं. आत्या रुसली नव्हती. तिने तुमच्या भावासाठी नाव निवडून आणलं होतं. माझ्या बोलण्यामुळे ते तिच्या तोंडून निघालं नाही, आणि आता ते मी तिला पुन्हा विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका. फक्त हे सगळं बाबांना मोठ्याने वाचायला सांगा, आणि तेव्हा आईही तिथे असू दे.