नलिनीताईंची शंका

डॉ. नलिनीताईंची आणि माझी ओळख इथल्या पुंगोल भागातल्या एलआरटी ट्रेनमध्ये झाली. मला तेव्हा नववा महिना होता आणि मी फोनवर मराठीत बोलत होते. समोरच्या बाई माझ्या पावलांकडे टक लावून बघत होत्या. उतरताना त्यांनी विचारलं, "पाय कधीपासून सुजलेत?" मला ते आवडलं नाही. घरी नवरा म्हणाला, "जपून हं. काहीतरी विकत असणार."

ताई काही विकत नव्हत्या. पुण्यात प्रसूतितज्ज्ञ म्हणून आयुष्य घालवून निवृत्तीनंतर त्या मुलाकडे, आमच्याच इमारतीत राहायला आल्या होत्या. इथे त्या कुणालाही औषध सांगत नाहीत. फक्त शंका घेतात.

पुढे एका शनिवारी त्यांनी मला लिफ्टपाशी कंबर धरून उभं असलेलं पाहिलं. मी म्हटलं, "सकाळपासून दुखतेय. ऑफिसातली खुर्चीच वाईट आहे."

"आज सुट्टी ना? मग खुर्चीवर बसलीस कधी?"

त्या माझ्याबरोबर घरी आल्या. बाळंतपणासाठी आलेली माझी आई म्हणाली, "अहो, तारखेला अवकाश आहे. खोट्या कळा असतील."

"असतीलही. तशा असल्या तर पाणी पिऊन पडल्यावर बहुधा थांबतील."

मी कुशीवर पडले. दुखणं थांबलं नाही. ते कमरेतून पोटात उतरू लागलं आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर परत येऊ लागलं. उठले तर कपडे ओले. मला वाटलं, लघवी झाली. ताईंचा त्यावरही विश्वास बसला नाही. त्यांनी मला पॅड ठेवायला लावलं आणि रंग पाहिला. पाणी हिरवट होतं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती.

"टॅक्सी बोलवा. आणि पोचल्यावर सगळ्यात आधी हा रंग सांगा."

हॉस्पिटलात बाळाचे ठोके मंदावलेले आढळले. तातडीने सिझेरियन झालं. सई बाहेर आली, पण रडेना. डॉक्टर तिच्यावर वाकले होते. मग ती रडली. आई आमच्या सोबत आलेल्या ताईंचे दोन्ही हात धरून बसली, तेव्हा ताई म्हणाल्या, "बाळ दूध नीट ओढतंय का, ते आधी बघा."

त्यांची शंका दर वेळी खरी ठरते असं नाही. वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागातल्या एका इंजिनिअरच्या बायकोला त्यांनी असंच हॉस्पिटलात पिटाळलं. कळा खोट्या निघाल्या, दोघं परत आली. तो घुश्शातच होता. ताईंनी दोघांना आमटीभात वाढला आणि म्हणाल्या, "छान झालं. पुन्हा वाटलं तर पुन्हा जा. घरी बसून ठरवू नका." आपण चुकलो याचा इतका आनंद मानणाऱ्या डॉक्टर मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतोय, हे सांगायला मी गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"एवढं कौतुक एकाएकी? माझ्या रिपोर्टमध्ये काही निघालंय का? खरं सांग."

ताई, काही निघालेलं नाही. तुमच्या मुलाला मी दोनदा विचारून घेतलंय. तुम्ही ठणठणीत आहात, तशाच राहा. सईला नववा महिना लागेल तेव्हा तिचे पायही तुम्हालाच तपासून पाहायचे आहेत.